मिसेस एम. टेप यांचं पत्र

एका पत्राच्या अनुवादावर मी गेले चार महिने अडून बसले आहे. पत्र लहान आहे, छापील पानभरही होणार नाही. शब्द साधे आहेत. ८ एप्रिल १८८५ या तारखेचं हे पत्र सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रीन स्ट्रीटवरच्या एका घरातून शहराच्या शिक्षण मंडळाला लिहिलं गेलं आणि १६ एप्रिलला ‘डेली अल्टा कॅलिफोर्निया’ या वर्तमानपत्रात छापून आलं. खाली सही आहे, ‘मिसेस एम. टेप’. अडचण अशी, की या बाईंचं इंग्रजी चुकांनी भरलेलं आहे. क्रियापदं कर्त्याशी जुळत नाहीत, स्पेलिंग कानाला ऐकू येतील तशी केलेली आहेत, मोठी अक्षरं वाक्याच्या मध्येच उगवतात आणि राग अनावर झाला की उद्गारचिन्हं तीन-तीन येतात. आणि पत्राचा विषय आहे मुलीचा शाळाप्रवेश.

मेरी टेप हे तिचं जन्मनाव नव्हे. १८६८ साली, अकराव्या वर्षी, ती चीनमधून सॅन फ्रान्सिस्कोला आली. काही महिने चायनाटाउनमध्ये काढल्यावर ती निराधार बायका-मुलांसाठी चालवलेल्या एका आश्रमात पोचली. तिथल्या एका मेट्रनबाईंचं नाव मेरी मॅक्ग्लॅडरी. तेच नाव या पोरीला मिळालं. इंग्रजी ती तिथेच शिकली. जू डिप हा तायशान भागातला मुलगा तिच्याआधी चार वर्षं, १८६४ साली आला होता. आधी घरगडी झाला, मग दुधाची गाडी हाकू लागला. दोघांची गाठ पडली ती या दुधाच्या फेऱ्यांमुळेच. १८७५ मध्ये लग्न झालं. त्याने वेणी कापली, जोसेफ हे नाव घेतलं आणि ‘डिप’चं ‘टेप’ झालं. पुढे त्याने सामान वाहून नेण्याचा धंदा उभारला, शिवाय चिनी वकिलातीत दुभाष्याचं काम करू लागला. १८७६ मध्ये पहिली मुलगी झाली, मेमी.

मेमी आठ वर्षांची झाली तेव्हा, सप्टेंबर १८८४ मध्ये, आईबापांनी तिला स्प्रिंग व्हॅली प्राथमिक शाळेत नेलं. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी चिनी.

सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मुलांसाठी एक सरकारी शाळा पूर्वी होती, ती १८७१ मध्ये बंद झाली. त्यानंतर चिनी माणसं कर भरत राहिली आणि त्यांची मुलं मिशनच्या वर्गांत किंवा घरीच शिकत राहिली. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. पण १८८० मध्येच कॅलिफोर्नियाच्या शाळा-कायद्यात एक दुरुस्ती झाली होती, आणि ती बहुधा कोणी नीट वाचलेली नव्हती. सहा ते एकवीस वयाच्या ‘सर्व’ मुलांना शाळा खुली, असं आता त्यात लिहिलेलं होतं. वगळायचं तर घाणेरड्या वा वाईट सवयींच्या आणि संसर्गजन्य रोग असलेल्या मुलांना. मेमी यांपैकी कशातच बसत नव्हती.

चिनी वकिलातीतले अधिकारी फ्रेडरिक बी (हे स्वतः गोरे अमेरिकन) यांनी शाळांचे अधीक्षक अँड्र्यू जॅक्सन मोल्डर यांना पत्र लिहिलं, की मुलगी याच देशात जन्मली आहे, तिला नाकारणं कायद्याला धरून नाही. मंडळाने उत्तरादाखल ठराव केला, की मंगोल वंशाच्या मुलाला घेणाऱ्या मुख्याध्यापकाला नोकरीवरून काढण्यात येईल. तेव्हा टेप कोर्टात गेले. जानेवारी १८८५ मध्ये न्यायाधीश मॅग्वायर यांनी मेमीच्या बाजूने निकाल दिला. चिनी रहिवाशांकडून शाळांसाठी सक्तीने कर घ्यायचा आणि इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना त्या शाळांत येऊ द्यायचं नाही, हा अन्याय आहे, असंही त्यांनी म्हटलं. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला, पण फक्त राज्याच्या कायद्यातल्या शब्दांच्या आधारावर. कायदा ‘सर्व’ म्हणतो म्हणून सर्व.

कायद्याच्या शब्दावर मिळालेला विजय शब्द बदलला की जातो. मोल्डरनी राजधानी सॅक्रामेंटोला तातडीने निरोप धाडला आणि थोड्याच दिवसांत चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची मुभा देणारी दुरुस्ती मंजूर झाली. अशी शाळा निघाली की त्या मुलांना दुसरीकडे घ्यायचं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेमी वकिलांसह पुन्हा स्प्रिंग व्हॅलीच्या दारात उभी राहिली, तेव्हा वेगळी शाळा अजून उघडायची होती. म्हणून हर्लीबाईंनी लस टोचल्याचा दाखला मागितला. वर्गाचा पट भरला आहे, असंही सांगितलं.

याच आठवड्यात मेरीने पत्र लिहिलं. माझ्या मुलीला बाहेर ठेवायला तुम्ही नाना सबबी शोधताय, इथूनच ती सुरुवात करते. चिनी जन्माला येणं ही काय नामुष्की आहे? सगळ्यांना देवानेच नाही का घडवलं? मोल्डरसाहेबांना ती थेट नाव घेऊन सुनावते. माझी मुलगी चालायला लागल्यापासून गोऱ्या मुलांबरोबर खेळते आहे. खेळायला चालते, तर एका खोलीत बसून शिकायला का चालत नाही? या, आमचं घर बघा, चेहरामोहरा सोडला तर आम्ही इतर गोऱ्यांसारखेच आहोत. आणि शेवटी, मेमी टेप तुम्ही काढलेल्या चिनी शाळेत कधीही पाऊल टाकणार नाही!

हा मी नीटनेटका केलेला मजकूर आहे. मूळ असं नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. माझा हात आपोआप दुरुस्तीकडे जातो. तो तसा का जातो हे मला ठाऊक आहे. आम्ही साताऱ्याकडचे, पण वडिलांच्या बदलीमुळे माझी शाळा रायपूरला झाली. मी तिसरीत असताना तापाने दोन दिवस घरी होते. आईने शाळेत द्यायला चिठ्ठी लिहिली, त्यात होतं, ‘लड़की को रात से ठंड बज रही है.’ मराठीत थंडी वाजते, ती तिने हिंदीतही वाजवली. शिक्षिकेने चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, आईने खाली फक्त सही केली. माझ्या धंद्याची सुरुवात तिथे झाली असं मी मुलाखतींत गमतीने सांगते. आईसमोर मात्र ही गोष्ट मी अजून कधी काढलेली नाही.

हा अनुवाद आईला वाचून दाखवला तेव्हा तिने भाषेबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, ‘मग? नाहीच घातलं पोरीला त्या शाळेत?’

घातलं. १३ एप्रिलला जॅक्सन आणि स्टॉकटन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, किराणा दुकानाच्या वर, चिनी प्राथमिक शाळा उघडली. सगळ्यांत आधी हजर झालेल्या मुलांत मेमी होती आणि तिचा धाकटा भाऊ फ्रँक. म्हणजे ‘कधीही नाही’ हे तीन उद्गारचिन्हांचं वाक्य शहराने वाचलं, तेव्हा ते मोडून तीन दिवस झाले होते. इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत पत्र बहुतेकदा त्या वाक्यापाशी संपतं आणि मेरी बाणेदार वीरमाता होऊन उरते. मला १३ तारखेची सकाळ जास्त खरी वाटते. मुलगी आठ वर्षांची, शाळेविना बसलेली, आणि निषेध म्हणून तिला आणखी किती दिवस घरी ठेवायचं?

पत्रातली आणखी एक गोष्ट मला टोचते. मेरीचा युक्तिवाद साम्यावर उभा आहे. आम्ही तुमच्यासारखे राहतो, तुमच्यासारखे कपडे घालतो, म्हणून आम्हाला घ्या. चायनाटाउनच्या गल्लीत राहणाऱ्या, वेणी घालणाऱ्या मुलांचं काय, याला त्यात जागा नाही. आणि प्रत्यक्षात झालं असं, की टेप कुटुंबाच्या पराभवातून निघालेली ती वेगळी शाळा याच मुलांसाठी चौदा वर्षांतली पहिली सरकारी शाळा ठरली.

हे वाचताना मला धारवाड आठवतं. १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेने नाकारलेल्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला होता. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केलं, आणि एका मुलासाठी बाकी सगळ्यांची शाळा निरुपयोगी करता येणार नाही म्हणून अर्ज फेटाळला. तो मुलगा कुठून दुसऱ्या देशातून आलेला नव्हता. ‘या, आमचं घर बघा’ असं मंडळाला म्हणण्याची सोयही त्याला नव्हती.

टेप कुटुंबाचं पुढे बरं चाललं. मेरी चित्रं काढी, फोटोग्राफी करी, तारयंत्र चालवायला शिकली. १८९२ मध्ये एका दैनिकाने तिच्या कौशल्यांवर कौतुकाचा लेखही छापला. १८९५ मध्ये ते खाडीपलीकडे बर्कलीला राहायला गेले आणि तिथे धाकटी मुलं साध्या सरकारी शाळेत गेली. फ्रँक मोठेपणी इमिग्रेशन खात्यात दुभाष्या झाला. मेमीचा नवरा दुभाष्या, तिची बहीण एमिली हिचा नवराही दुभाष्या. चिनी माणसाला दारात अडवणारा कायदा होता म्हणून दारात चौकशी होती, आणि चौकशी होती म्हणून दुभाष्या लागत होता. इतिहासकार मे न्गाय यांनी या कुटुंबावर २०१० मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘द लकी वन्स’. फ्रँकवर लाचखोरीचे आरोप झाले, खटला चालला, तो सुटला. दोन भाषांच्या मध्ये उभं राहून पोट भरणाऱ्याकडे दोन्ही बाजू संशयाने बघतात, हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली वेगळ्या शाळांची कलमं १९४७ मध्ये गेली. एका खोलीत बसून शिकण्याची मेरीची मागणी कागदावर तरी पुरी झाली. मग त्याच शहरातून १९७४ मध्ये एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला, लाउ विरुद्ध निकोल्स. सुमारे १८०० चिनी मुलं इतरांच्याच वर्गात, तीच पुस्तकं समोर घेऊन बसत होती आणि त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. इंग्रजी शिकवायची वेगळी सोय त्यांच्यासाठी नव्हती. सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक म्हणजे समान वागणूक नव्हे, असा निकाल न्यायालयाने एकमताने दिला. माझ्या तिसरीच्या वर्गात मी सहा महिने काहीही न कळता बसले होते, त्यामुळे हा निकाल मी जरा सावकाश वाचते.

तर अनुवाद. पहिल्या खर्ड्यात मी मेरीला ग्रामीण बोली दिली. ते साफ चुकलं. बोली म्हणजे चूक नव्हे, आणि मेरी गावाकडची नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात लिंगवचनाचे घोटाळे केले, ‘माझा मुलगी’ वगैरे. त्याची नाटकातल्या साहेबाची मराठी झाली, मित्रमंडळी हसली. आता तिसरा खर्डा आहे. त्यात वाक्यं सरळ, रागही सरळ, फक्त ऱ्हस्व-दीर्घ जागोजाग चुकलेलं. मराठीत माणूस शिकलेला आहे की नाही हे आपण वेलांटीवरूनच ठरवतो, तेव्हा मेरीच्या स्पेलिंगला हेच त्यातल्या त्यात जवळचं. संपादकांना आधीच कळवलं आहे, की मुद्रितशोधकाने हात लावू नये.

पत्राचा शेवट मात्र अजून बसत नाही. मेरी म्हणते, माझी मुलगी तिला शिकू न देणाऱ्या तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जास्त अमेरिकन आहे. मूळ वाक्यात ‘अडवणे’ या अर्थाच्या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं आहे. वाक्यातला, आणि सहीआधी पत्रातलाही, शेवटचा शब्द आहे ‘एज्युकेटेड’. तो तिने बिनचूक लिहिला आहे आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं काढलं आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही.