पाव फेऱ्याचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. तेरला जमीन उकरली की सातवाहनांच्या काळातली खापरे निघतात आणि इथला माल थेट रोमपर्यंत जात होता असे तज्ज्ञ सांगतात. नळदुर्गात पाणीमहाल आहे, परंड्याला तोफा आहेत. गावाच्या नावालासुद्धा इतिहास आहे. निजामाच्या काळात धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले. पण मोटारीच्या धुराने या जिल्ह्याच्या हवेत इतकी वर्षे भर घातली, त्याच्या इतिहासाकडे मात्र एकही विद्वान फिरकलेला नाही. कारण उघड आहे. नाण्यावर राजाचे नाव असते, ताम्रपटावर तिथी असते. धुरावर काहीच लिहिलेले नसते. तो येतो, आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर बसतो आणि कोणत्याही वस्तुसंग्रहालयात न जाता परटाकडे जातो. तेव्हा हे काम आमच्यासारख्या रिकाम्या माणसालाच करणे भाग आहे.

आमच्या भागात माणसाला जात विचारायची चोरी झाली असली, तरी गाडीला ती उघड विचारता येते. "गाडी कुठली पासिंग हाय?" एमएच-१३ म्हटले की सोलापूर, २३ म्हणजे बीड, २४ म्हणजे लातूर आणि २५ म्हणजे आम्ही. लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. त्यामुळे २४ पासिंगची गाडी पुढे निघून गेली की वाटणी करून गेलेल्या धाकट्या भावाने ओव्हरटेक केल्यासारखे वाटते.

या मुलखात मोटार आली तेव्हा राज्य निजामाचे. त्याच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई इलाख्यात एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटायला १९४८ चा जून उजाडावा लागला. म्हणजे या बाबतीत आम्ही पुण्याच्या सोळा वर्षे पुढे होतो. हे वाक्य लिहिण्याची संधी मराठवाड्याच्या माणसाला वारंवार मिळत नाही, म्हणून ते मुद्दाम सावकाश लिहिले आहे.

मग दुसरे महायुद्ध आले आणि पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. देशभर अनेक बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. आज पोरे गाडीत काहीबाही बदल करून त्याला 'मॉडिफाय केली' म्हणतात. पण खरे मॉडिफिकेशन ते. क्लीनरने पहाटे उठून भट्टी पेटवायची, पंखा फिरवायचा, आणि गॅस धरला की गाडी निघायची. चढ आला की गाडीचा दम जायचा, मग उतारूंनी उतरून तिला ढकलायचे. आता यातली मौज पाहा. भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि इंजिन चालायचे ते मुख्यतः त्याच वायूवर! पुढे ज्या वायूचे प्रमाण ३ टक्क्यांवर गेले की पेट्रोलची मोटार नापास होऊ लागली, तोच वायू त्या काळी गाडीचे अन्न होता. एका पिढीचे इंधन ते दुसऱ्या पिढीचे प्रदूषण, असे एखादे सुभाषित कुणीतरी रचायला हरकत नाही.

गाडीच्या धुराने माणसाला काही होते, ही शंका पहिल्यांदा जोरात आली ती अमेरिकेत. १९४३ साली लॉस एंजलिस शहरावर असे काही धुरके उतरले, की जपान्यांनी विषारी वायू सोडला म्हणून लोक घाबरले. खरा गुन्हेगार शोधायला आणखी काही वर्षे लागली. तो शोधणारे हागेन-स्मिट नावाचे डच शास्त्रज्ञ त्याआधी अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. अननसाचा वास सोडून त्यांनी धुराचा वास घेतला, आणि मोटारीच्या धुरावर ऊन पडून हे विष तयार होते असे दाखवून दिले. मोटार कंपन्यांना ते अर्थातच पटले नाही. तरीही १९६६ पासून कॅलिफोर्नियात नव्या मोटारींच्या धुराला मर्यादा आली.

आमच्याकडे त्या सुमारास धुराची मर्यादा एकच होती. मागचा माणूस किती शिव्या देतो ती.

पुढे १९७३ साली अरबांनी तेल रोखले. काही महिन्यांत तेलाचे जागतिक भाव जवळजवळ चौपट झाले आणि त्याचा धक्का आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, जीपपर्यंत आला. नानांची जीप पेट्रोलवर चालायची, म्हणजे पेट्रोल प्यायची आणि मग मनात आले तर चालायची. डिझेल स्वस्त होते. त्यामुळे पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवायचे, ही महाराष्ट्रभर गॅरेजागॅरेजांतून साथच आली. नानांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या मॅटॅडोरचे इंजिन आणले. ते जीपमध्ये मावेना. तेव्हा मिस्त्रीने फाउंडेशन कापले, रेडिएटर पुढे सरकवला आणि बॉनेटवर हातोड्याने एक टेंगूळ आणले. नानांनी इंजिनाच्या बदलाची परवानगी काढून आरसी बुकात रीतसर नोंदही करून घेतली. नाना कागदाचे पक्के होते. त्यांचा धूर बेकायदा असेल. कागद कधीच नव्हता.

आणि मग १९८९ साल आले. नवा मोटार वाहन कायदा १ जुलैपासून लागू झाला, आणि त्याबरोबर आलेल्या केंद्रीय नियमांतल्या ११५ व्या नियमाने धुराला परीक्षेला बसवले. त्यातून पुढे घरोघरी पोचली ती पीयूसी. डिझेलच्या गाडीला मर्यादा ठरली ६५ हार्ट्रिज. हे हार्ट्रिज म्हणजे काय ते मी पुस्तकात पाहिले आणि थक्क झालो. नळीत धूर भरायचा, एका टोकाने उजेड सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजायचे. धुराने शंभरातला ६५ भाग उजेड अडवला तरी चालेल. म्हणजे पलीकडे ३५ पोचला की गाडी पास! शंभरात पस्तीस! जो आकडा पाहून महाराष्ट्रातल्या लाखो बापांनी देवापुढे नारळ फोडला, तोच आकडा डिझेलच्या गाडीलाही लागू व्हावा, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो. पुढच्या भारत स्टेज चारच्या गाड्यांना हीच मर्यादा ५० झाली. म्हणजे त्यांना निदान सेकंड क्लास तरी काढावा लागतो.

परीक्षा आली की गाइड आले आणि गाइड आले की अपेक्षित प्रश्न आले. या परीक्षेचे अपेक्षित आमच्या मिस्त्रीला तोंडपाठ होते. डिझेल इंजिनाच्या पंपावर एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावे ते तो ठरवतो. कारखान्यातून तो तार गुंफून, शिशाचे सील मारून येतो. पण तुळजापूरचा घाट बारा माणसे घेऊन चढायचा तर सील कसे राहणार? ते फोडून स्क्रू पाव फेरा उघडला की गाडी जोर धरते आणि काळा धूर सोडते. तपासणीच्या दिवशी तोच स्क्रू पाव फेरा मिटला की धूर कमी. चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबायचा असतो, म्हणजे बारा माणसांचे ओझे नाही आणि घाटही नाही. गाडी पास. परत येताना पुन्हा पाव फेरा.

पेट्रोलवाल्यांनाही हीच सोय होती. कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू जरा आवळायचा. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये असेपर्यंत गाडी कशीबशी फुरफुरत ठेवायची आणि पावती हातात पडली की सैल सोडायचा. आपल्या देशातल्या प्रदूषण नियंत्रणाचा अर्धा इतिहास या पाव फेऱ्यात आहे.

आमची मिस्त्रीमंडळी अडाणी म्हणून हे करत होती, असे कुणी समजू नये. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगन ही नामांकित जर्मन कंपनी पकडली गेली. तिच्या डिझेल मोटारींतला कॉम्प्युटर, आपली तपासणी चालली आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा आणि रस्त्यावर आले की पहिले पाढे पंचावन्न. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. मी ही बातमी मिस्त्रीला वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "एवढ्यासाठी कॉम्प्युटर लावला व्हय?" मोठमोठ्या इंजिनिअरांना जे साधायला कॉम्प्युटर लागला, ते त्याने दहा नंबरच्या पान्यावर केले होते.

नानांचेही वर्षानुवर्षे असेच चालले असते. पण जीपची एक खोड आहे. मागून ताडपत्री उघडी असली की धावती जीप आपलाच धूर आत ओढून घेते. पुढच्या सीटवर बसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. आणि नाना जन्मभर पुढच्याच सीटवर बसलेले. एका नवरात्रात गाडी पोराने चालवायला घेतली, पुढे पाहुणे बसले आणि नाना नातीला मांडीवर घेऊन मागे आले. घाट संपेपर्यंत नानांचे धोतर करडे झाले होते. त्याचे त्यांना काही वाटले नाही. पण पोर खोकायला लागली ती देवळाच्या पायऱ्यांपर्यंत थांबेना. नानांनी तिच्या तोंडावरून रुमाल फिरवला. रुमाल काळा. दर्शनाच्या रांगेत ते एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजात. मिस्त्री पान्याकडे हात न्यायला लागला.

"पासिंग आलंय का नाना? पाच मिनटं थांबा, मिटवून देतो."

"पासिंगला अजून चार महिने हायेत," नाना म्हणाले. "इंजनाचं काम कर."

"आता? पासिंग नसताना?" मिस्त्रीने त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू मे महिन्यात कुणी पोराला शाळेत घेऊन आला आहे.

मग चार दिवस ते काम चालले. एअर क्लीनर उघडला तर त्याच्या वाटीतल्या ऑइलचा चिखल झाला होता. त्यात ज्वारी पेरता आली असती. हवाच पुरेशी जात नव्हती, तर डिझेल जळणार कुठून? नोझल काढून पंपाला लावून पाहिले. फवारा धुक्यासारखा उडायला हवा. दोन नोझल नळासारखे गळत होते. पंप सोलापूरला नेऊन मापात बसवला, टॅपेट जुळवले आणि त्या स्क्रूला पुन्हा तार गुंफून सील मारले.

"काळा धूर म्हंजी न जळालेलं डिझेल, नाना," मिस्त्री आता शास्त्र सांगू लागला. "निळा आला तर ऑइल जळायलंय समजायचं. काळा आला की आपलेच पैसे सायलेन्सरमधून चाललेत."

"मग हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस रे?"

"तुमी पासिंगचंच विचारत होता की. इंजनाचं आजच विचारलंत."

त्यानंतर जीप घाट जरा सावकाश चढू लागली, बारांऐवजी आठ माणसे घेऊ लागली आणि लिटरमागे दीड-दोन किलोमीटर जास्त जाऊ लागली. चार महिन्यांनी ती तपासणीला गेली तेव्हा तिच्यासाठी कुणी काही केले नाही. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलासारखी ती गेली आणि पास होऊन आली. नानांना किती मार्क पडले ते मी विचारले. त्यांनी पावती घडी करून आरसी बुकात ठेवली आणि म्हणाले, "आता तिला मागं बसवतो मी. खिडकीपेक्षा तिथंच आवडतं तिला."

आता नव्या गाड्यांना तसला स्क्रूच नसतो. २०२० पासून भारत स्टेज सहा आले, सगळा कारभार सेन्सरकडे गेला. तरी पोरे पुण्याहून सायलेन्सर आणतात, आतली जाळी काढून टाकतात आणि तपासणीच्या आधी जुना सायलेन्सर कुणाकडून तरी उसना मागतात. पाव फेरा गेला. त्याची जागा चार नटांनी घेतली, एवढाच फरक. इतिहासाची पुनरावृत्ती होते म्हणतात ती अशी, आणि बहुतेक वेळा दहा नंबरच्याच पान्याने.

मला वाटते, या सगळ्या घोटाळ्याचे मूळ गाडीच्या बांधणीतच आहे. पावती ठेवायची पुढे, अधिकाऱ्याला दाखवायला. धूर सोडायचा मागे, सायकलवरच्या पोराला. बनवणाऱ्याने सायलेन्सर मागे नेला त्याऐवजी डॅशबोर्डवर आणला असता, तर ११५ वा नियम लिहावाच लागला नसता. मालकाने चार दिवसांत इंजिनाचे काम काढले असते.