पडले की पाडले? : इंग्रजी क्रियापदांची साक्ष



इतिहासावर बोलावे अशी शाळेची इच्छा होती. मी निवडला आहे तो शब्दांचा इतिहास. ज्याचे आयुष्य इंग्रजी शिकविण्यात गेले त्याला हा मोह आवरत नाही. 'पराभव करणे', 'उलथून टाकणे' या अर्थांची इंग्रजीत कितीतरी क्रियापदे आहेत आणि विद्यार्थी ती समानार्थी म्हणून पाठ करतात. ती समानार्थी नाहीत, असे माझे म्हणणे आहे. कोण पडले, कोणी पाडले आणि ते सांगणारा कोण, याची खूण त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर राहिलेली असते.

मुळात आजची इंग्रजी ही एका पराभवातून घडलेली भाषा आहे. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने हॅरल्ड राजाला हरविले आणि पुढे दरबारात व न्यायालयांत फ्रेंच रुळली. 'ओव्हरकम' आणि 'क्वेल' हे शब्द त्याआधीचे, घरचे. 'क्वेल' म्हणजे आज बंड शमविणे. मूळ अर्थ मात्र सरळ ठार मारणे. 'डिफीट', 'व्हॅन्क्विश', 'काँकर' हे जेत्यांच्या भाषेतून आले. 'डिफीट'च्या मुळाशी 'केलेले मोडून टाकणे' हा अर्थ आहे, तर 'राउट'च्या मुळाशी 'मोडलेली, फुटलेली' असा लॅटिन शब्द. आपल्याकडे "फौज मोडली" म्हणतात, ते यापेक्षा वेगळे नाही. बुद्धिबळातील 'मात' तर फारसीतून अरबी व फ्रेंचमार्गे इंग्रजांच्या 'चेकमेट'मध्ये गेली आणि फारसीतूनच आपल्याकडेही आली. तेव्हा त्या एका शब्दापुरते आपण आणि इंग्रज भाऊबंद आहोत.

'काँकर'पाशी थोडे थांबले पाहिजे. त्याचा मूळ अर्थ शोधून मिळविणे, गोळा करणे. अठराव्या शतकातील इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन सांगतो की, जुन्या सरंजामी कायद्यात वारशाने न येता अन्य मार्गाने मिळालेल्या मालमत्तेला 'काँक्वेस्ट' म्हणत, आणि विल्यमला 'काँकरर' म्हटले ते त्याच अर्थाने. म्हणजे तलवारीने घेतलेले राज्य कायद्याच्या भाषेत नुसती 'मिळकत' ठरते! ही किमया पुढे आपल्या वाट्याला आली.

'टॉपल' हे क्रियापद सोळाव्या शतकातले. त्याचा अर्थ आधी 'डोक्यावर कोसळणे' असा होता. दुसऱ्याला कोसळविणे हा अर्थ मागाहून जोडला गेला. पडणे आणि पाडणे यांत मराठीत एका मात्रेचा फरक, पण इतिहासात त्या मात्रेलाच महत्त्व आहे. 'लॅप्स' हा शब्द त्या बाबतीत फार धूर्त. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घसरणे, निसटणे. विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते. ती कोणी हिसकावीत नाही, आपोआप जाते. १८४८ साली साताऱ्याचे शहाजीराजे वारले, त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नाकारले, आणि राज्य 'लॅप्स' झाले. झाशी आणि नागपूर १८५४ साली त्याच वाटेने गेली. वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे दोषही कोणाचा नाही. मराठी माणसाने यासाठी 'खालसा' हा शब्द वापरला. जमीन थेट सरकारात जमा झाली, हे त्यात उघड आहे. तो शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. (अर्थात आपणही "खालसा केले" म्हणण्याऐवजी "खालसा झाले" म्हणतोच.)

याच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली कंपनीने गादीवरून दूर केले होते. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते; अर्ज, निवेदने आणि भाषणे यांवरच त्यांची सारी भिस्त होती, आणि तीही ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच भाषेत.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. 'डिपोझ' या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : पदावरून उतरविणे, आणि शपथेवर जबानी देणे. १८७५ साली हे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालविल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी सहा जणांच्या मंडळापुढे झाली. साक्षीदारांनी जबान्या दिल्या. तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत धरला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव यांनी धरला नाही. मते समसमान पडली. तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, आणि कारण दिले गेले ते विषाचे नव्हे, गैरकारभाराचे. कारभार वाईट होता हे मलाही मान्य आहे. पण जबान्या एका गोष्टीच्या घेतल्या आणि गादी दुसऱ्या गोष्टीसाठी काढली, हे त्या एका क्रियापदाखाली सहज झाकून जाते.

मल्हाररावांना मद्रासला नेले. १८८२ साली ते वारले. या वेळी 'लॅप्स' हा शब्द मात्र कोणी उच्चारला नाही. १८५७ नंतर सरकारने ते धोरण सोडले होते. जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, आणि २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला गेलेला कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव म्हणून गादीवर बसला.