गिनी पिग पाळताय? पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

मीरा-भाईंदरमधल्या वन-बीएचके फ्लॅटमध्येही गिनी पिगची जोडी कमी खर्चात सांभाळता येते. दुकानातली रंगीत दाण्यांची पाकिटं टाळा, तेच पैसे गवतावर घाला.

आहार: त्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणून सुकं गवत चोवीस तास समोर हवं. माणसासारखंच त्यांचं शरीरही 'क' जीवनसत्त्व तयार करत नाही. ते कमी पडलं की स्कर्व्ही होतो. उपाय भाजीवाल्याकडेच आहे: प्रत्येकाला रोज पाव ढोबळी मिरची, सोबत थोडी कोथिंबीर. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको.

स्वच्छता: खाली जुनी वर्तमानपत्रं, वर जाड सुती कापड. ओला झालेला कागद रोज बदला, कापड दर दोन-तीन दिवसांनी धुवा. आंघोळ एरवी लागत नाही. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत गवताला बुरशी येते, तेव्हा थोडं थोडंच आणा. कुबट वास आला तर फेकून द्या.

हे विसरू नका: गिनी पिगने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर ते जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. वाचवलेले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवा.