वरच्या पायरीवर केव्हा? बेसबॉलच्या रोपवाटिकेचा इतिहास

एखादा विद्यार्थी वरच्या वर्गात जायला तयार आहे, हे आपण कशावरून ठरवतो? एका परीक्षेतील गुणांवरून, की वर्षभराच्या निरीक्षणावरून? तयारी नसताना वर ढकलला तर मुलगा खचतो. तयारी असूनही खाली ठेवला तर तो कंटाळतो आणि त्याची वाढ खुंटते. शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. मात्र याच प्रश्नाचा गेली शंभर वर्षे तपशीलवार नोंदी ठेवून आणि भरपूर पैसा ओतून पाठपुरावा झाला आहे, तो एका अनपेक्षित ठिकाणी: अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर. त्या इतिहासात संख्याशास्त्राचे काही चांगले धडे आहेत. ते पाहू या.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. फलंदाजाने चेंडू टोलवला आणि तो सुरक्षितपणे पहिल्या तळापर्यंत पोहोचला की एक ‘हिट’ मोजतात. हिटची संख्या भागिले फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधींची संख्या, ही त्याची सरासरी. ०.३०० सरासरीचा फलंदाज उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशीच ठरतो. सर्वोच्च पातळीला ‘मेजर लीग’ म्हणतात, तिच्यात ३० क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या हाताखाली ‘मायनर लीग’मधील, म्हणजे कनिष्ठ पातळीवरील संघ असतात. २०२१ मध्ये झालेल्या फेररचनेत असे १२० संघ चार पायऱ्यांवर बसवले गेले: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. शाळा किंवा महाविद्यालय सोडून आलेला मुलगा साधारणपणे या पायऱ्या चढत वर जातो. त्याला कोणत्या पायरीवरून केव्हा उचलायचे, हाच कळीचा निर्णय.

विकत घेणे परवडत नाही, तर पिकवा

ही शिडी मुळात एका गरीब क्लबच्या अडचणीतून उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबची सूत्रे ब्रँच रिकी यांच्याकडे होती. रिकी स्वतः जुने खेळाडू आणि मिशिगन विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. त्या काळी लहान शहरांतील संघ स्वतंत्र असत. ते मुले घडवत आणि मोठ्या क्लबांना विकत. रिकी एखादा मुलगा हेरून ठेवत आणि न्यूयॉर्क-शिकागोचे श्रीमंत क्लब जास्त बोली लावून त्याला घेऊन जात. यावर रिकींनी उपाय काढला, तो लहान संघांतच भागीदारी घेण्याचा. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिराक्यूस अशी एकेक गावे जोडत त्यांनी स्वतःची रोपवाटिका तयार केली. अमेरिकेत तिला ‘फार्म सिस्टिम’, म्हणजे शेतीची पद्धत, असेच नाव पडले.

१९२६ मध्ये कार्डिनल्सनी जागतिक मालिका जिंकली. १९४६ पर्यंतच्या वीस वर्षांत त्यांनी ती एकूण सहा वेळा जिंकली. १९४० च्या सुमारास त्यांच्याकडे तीसहून अधिक संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते. भरपूर बी पेरायचे, सर्वांना एकाच पद्धतीने शिकवायचे आणि उगवेल त्यातून निवडायचे, हे त्यामागचे सूत्र होते.

या पद्धतीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे स्टॅन म्युझिअल. पेनसिल्व्हेनियातील डोनोरा गावच्या या मुलाने १९३८ मध्ये सर्वांत खालच्या पायरीवर गोलंदाज म्हणून सुरुवात केली. १९४० मध्ये क्षेत्ररक्षण करताना त्याचा डावा खांदा दुखावला आणि गोलंदाजी संपली. एखाद्या छोट्या स्वतंत्र संघात असता तर तो कदाचित घरीच गेला असता. पण रोपवाटिकेत दुसरा वाफा होता. १९४१ मध्ये त्याला स्प्रिंगफील्डच्या संघात फलंदाज म्हणून खेळवले गेले. तेथे सरासरी ०.३७९. मग वरच्या पायरीवर रॉचेस्टरला, तेथे ०.३२६. सप्टेंबरमध्ये तो थेट कार्डिनल्सच्या मुख्य संघात होता. कारकीर्द संपली तेव्हा म्युझिअल यांच्या नावावर ३,६३० हिट जमा होत्या.

परंतु या शेताची दुसरी बाजूही होती. खेळाडूच्या करारातील एका कलमामुळे तो क्लबला बांधलेला असे. वर जागा नसली तरी त्याला दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे तयार झालेली रोपे वाफ्यातच दाटीने वाढत राहत. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक कनिष्ठ खेळाडूंना करारातून मोकळे केले, ते यामुळेच.

आणि काहींना तर या शिडीवर पायच ठेवू दिला जात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय खेळाडूंना ही दारे बंद होती. १९४५ मध्ये रिकींनी, तेव्हा ते ब्रुकलिन डॉजर्सकडे होते, जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले. १९४६ चे वर्ष रॉबिन्सन मॉन्ट्रिअलच्या कनिष्ठ संघात खेळले आणि ०.३४९ सरासरीने आपल्या लीगमध्ये पहिले आले. १५ एप्रिल १९४७ रोजी ते मेजर लीगमध्ये उतरले तेव्हा त्यांचे वय २८ होते. त्यांना इतका उशीर होण्याचा कौशल्याशी काही संबंध नव्हता. ‘तयार नाही’ असे म्हणण्यापूर्वी संधी मिळाली होती का, हे विचारायला हवे ते यासाठी.

नकळत झालेला प्रयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत क्लब शाळकरी मुलांना मोठमोठ्या रकमा देऊ लागले. त्याला आळा घालण्यासाठी १९४७ मध्ये एक नियम आला. त्याच्या १९५३ ते १९५७ मधील रूपानुसार, ज्या मुलाला ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला जाईल त्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे. म्हणजे सर्वांत होतकरू मुलांनाच खालच्या पायऱ्यांवर शिकण्याची बंदी!

सँडी कूफॅक्स हा डावखुरा गोलंदाज असाच १९५५ मध्ये थेट डॉजर्सच्या संघात आला. वेग प्रचंड, पण चेंडूवर ताबा नाही. सामने जिंकायचे तर त्याला खेळवता येईना आणि खेळवल्याशिवाय तो शिकेना. दोन वर्षांत मिळून त्याला जेमतेम शंभर इनिंग गोलंदाजी मिळाली. नियमित गोलंदाज एका वर्षात याच्या दुप्पट करीत असे. पहिल्या सहा वर्षांत त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव होते. पुढच्या सहा वर्षांत मात्र १२९ विजय आणि ४७ पराभव! हार्मन किलब्रू यांची गोष्ट थोडी वेगळी. १९५४ मध्ये तेही थेट वर आले आणि बहुतेक वेळ बाकावर बसून राहिले. दोन वर्षांची सक्ती संपल्यावर त्यांना खाली पाठवण्यात आले. तेथे नियमित खेळून ते परतले आणि १९५९ मध्ये त्यांनी ४२ होम रन मारले.

यावरून ‘खाली खेळणे आवश्यकच’ असा निष्कर्ष काढावा का? येथे सावध राहायला हवे. कूफॅक्स खालच्या पायरीवर खेळले असते तर लवकर घडले असते काय, हे सांगता येत नाही. तुलनेसाठी दुसरा कूफॅक्स नव्हता. शिवाय आपल्याला आठवतात ती शेवटी यशस्वी झालेल्यांचीच नावे. याच नियमाखाली वर आलेली आणि लवकरच विस्मरणात गेलेली मुलेही पुष्कळ होती.

त्याच दशकातील आणखी एक जोडी पाहा. १९५१ मध्ये २० वर्षांचे विली मेज मिनिआपोलिसच्या कनिष्ठ संघाकडून ३५ सामन्यांत ०.४७७ सरासरीने खेळत होते. मे महिन्यात त्यांना न्यूयॉर्क जायंट्सने वर बोलावले. पहिल्या २६ संधींत त्यांना केवळ एक हिट मिळाली. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी तरीही त्यांना संघातून काढले नाही. वर्षअखेर मेज यांची सरासरी ०.२७४ झाली आणि ते त्या वर्षीचे सर्वोत्तम नवोदित ठरले. त्याच वर्षी, त्याच शहरात, १९ वर्षांच्या मिकी मँटल यांना यँकीज क्लबने जुलैमध्ये खाली पाठवले आणि ऑगस्टमध्ये परत आणले. दोघेही पुढे महान खेळाडू झाले. एकाच दुखण्यावर दोन औषधे, आणि दोन्ही लागू पडली!

थोडक्या नोंदींचा मोह

मेज यांचे ०.४७७ आणि नंतरचे २६ पैकी १, हे दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्ही दिशाभूल करणारे होते. कारण नोंदी थोड्या होत्या. समजा एखाद्या फलंदाजाची खरी क्षमता ०.२७० आहे. १०० संधींमध्ये त्याच्या सरासरीचे प्रमाणित विचलन सुमारे ०.०४४ येते. म्हणजे केवळ नशिबाने तो एका महिन्यात ०.२२६ चा सुमार किंवा ०.३१४ चा उत्कृष्ट फलंदाज दिसू शकतो. ५०० संधींमध्ये हेच विचलन ०.०२० वर येते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. पिशवीत २७ लाल आणि ७३ पांढरे मणी घ्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता मणी काढावा, रंग लिहावा आणि मणी परत टाकावा. असे १०० वेळा करावे. चाळीस जणांच्या वर्गात बहुधा कोणाला तरी ३५ किंवा अधिक लाल मणी मिळतील आणि कोणाला १९ किंवा कमी. पिशव्या तर सर्वांच्या सारख्याच! पस्तीसवाल्याला ‘बढती’ दिली तर पुढच्या फेरीत तो बहुधा २७ कडेच सरकेल. सरासरीकडे परतणे म्हणतात ते हेच. याला आळस किंवा घमेंड कारणीभूत आहे असे समजण्याची चूक मैदानावर होते, तशी वर्गातही होते.

बेसबॉलमध्ये नोंदींकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची सुरुवातही रिकींनीच केली. १९४७ मध्ये त्यांनी ॲलन रॉथ या संख्याशास्त्राच्या जाणकाराला डॉजर्समध्ये नोकरी दिली. पुढे कॅन्सस राज्यात कारखान्याची रात्रपाळीची राखण करता करता बिल जेम्स या गृहस्थांनी आकडेमोड सुरू केली. १९८५ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की कनिष्ठ लीगमधील फलंदाजीचे आकडे योग्य त्या दुरुस्त्या करून वाचले, तर मेजर लीगमधील कामगिरीचा अंदाज बराच विश्वासार्ह बांधता येतो. तोवर अनेक जाणते लोक हे आकडे निरुपयोगी मानत.

या दुरुस्त्या कोणत्या? एक, पातळीची: वर गोलंदाजी कठीण असते, म्हणून आकडा थोडा कमी करायचा. दोन, मैदानाची: आल्बुकर्की शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडूला विरोध कमी होतो आणि तो दूर जातो. म्हणून तेथील होम रनला तितके वजन द्यायचे नाही. तीन, वयाची: डबल-ए पातळीवर २५ वर्षांच्या खेळाडूची ०.३०० सरासरी आणि १९ वर्षांच्या मुलाची ०.२७०, यांत बहुतेक जाणकार एकोणीस वर्षांच्या मुलाकडे पाहतील. तो आपल्याहून मोठ्यांशी झुंजतो आहे आणि त्याची वाढ अजून व्हायची आहे.

एकच गुण मोजून भागत नाही, याचे उदाहरण आपल्या देशातलेही आहे. २००८ मध्ये वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. खेळ अगदी मुळापासून शिकत ते कनिष्ठ लीगमध्ये खेळले. रिंकू सिंग सिंगल-ए पर्यंत चढले. मेजर लीग मात्र दोघांनाही गाठता आली नाही. तरीही बेसबॉल कधी न खेळलेल्या मुलांनी एवढी मजल मारावी, हे थोडके नाही.

निर्णय कोणाच्या फायद्याचा?

येथवर आपण ‘मुलगा तयार आहे का’ एवढेच विचारले. पण निर्णय नेहमी याच प्रश्नावर होतो असे नाही. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सचे सामने ओस पडत होते. क्लबने टेक्सासमधीलच १८ वर्षांच्या डेव्हिड क्लाइड या गोलंदाजाला निवडले आणि शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच, २७ जून रोजी, थेट मेजर लीगमध्ये उतरवले. मैदान तुडुंब भरले आणि क्लाइड सामना जिंकला. लोक येत राहिले, म्हणून त्याला वरच ठेवले गेले. वयाच्या २४ व्या वर्षी त्याची मेजर लीगमधील कारकीर्द संपली: १८ विजय, ३३ पराभव.

याच्या उलटही घडते. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडूला मुक्तपणे दुसरा क्लब निवडता येतो. १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष मोजतात. २०१४ मध्ये कनिष्ठ लीगमध्ये ४३ होम रन मारलेल्या क्रिस ब्रायंट यांना शिकागो कब्जने २०१५ च्या हंगामाच्या सुरुवातीला वर घेतले नाही. क्षेत्ररक्षण सुधारायला हवे, असे कारण दिले गेले. १७ एप्रिलला ते वर आले. वर्षअखेर सेवेचे दिवस भरले १७१. एका दिवसाच्या फरकाने क्लबला त्यांचे आणखी एक वर्ष मिळाले. ब्रायंट यांनी दाद मागितली, पण २०२० मध्ये लवादाचा निकाल विरुद्ध गेला. २०२२ च्या करारात मात्र, तयार खेळाडूला सुरुवातीपासून वर ठेवणाऱ्या क्लबला बक्षीस मिळेल, अशी तरतूद आली. वाफ्यातील बहुसंख्य मुले कधीच वर पोहोचत नाहीत. २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेचा पहिला करार झाला आणि ट्रिपल-ए मधील किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेले.

नोंदी किती आहेत, त्या कोणत्या पातळीवरच्या आहेत आणि मुलाचे वय काय, या तीन प्रश्नांना संख्याशास्त्र चांगली मदत करते. निर्णयाने भले कोणाचे होणार, हा चौथा प्रश्न. त्याला सूत्र नाही. निर्णय घेणाऱ्याने तो स्वतःलाच विचारावा लागतो. क्लाइड आणि ब्रायंट या दोघांच्या वेळी पहिल्या तीन प्रश्नांची माहिती क्लबकडे होतीच.