अर्धशिशी: लेकरांच्या डोकेदुखीची जुनी गोष्ट



आज बोलूया लेकरांच्या डोकेदुखीबद्दल. सुरुवात मात्र जुन्या काळापासून करू. या दुखण्यावर आधीच्या लोकांनी काय केलं आणि कुठे फसले हे कळलं, की आज घरात काय करायचं ते सोपं होतं.

'अर्धशिशी' हा आपल्या आज्यांचा शब्द. अर्धं शीस, म्हणजे अर्धं डोकं दुखणं. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यातला एक 'अर्धावभेदक'. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी गेलन या ग्रीक वैद्यानंही या दुखण्याला 'अर्धी कवटी' अशाच अर्थाचं नाव दिलं. तेच तोंडोतोंडी बदलत 'मायग्रेन' झालं. म्हणजे हा काही मोबाईलनं आणलेला नवा आजार नाही.

चरकसंहितेत या दुखण्याची कारणं दिली आहेत. कोरडं रूक्ष अन्न, आधीचं पचलं नसताना पुन्हा खाणं, अति श्रम आणि शरीराचे वेग अडवून धरणं. यातलं शेवटचं नीट ऐका. शाळेतलं संडास घाण असतं म्हणून किती मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत! लघवी दाबून धरतात, तहान मारतात आणि संध्याकाळी डोकं धरून घरी येतात. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

आता आपल्या जवळची गोष्ट. वांगणीहून लोकलनं अर्ध्या-पाऊण तासावर कल्याण. तिथं वाढलेली यमुना जोशी म्हणजेच पुढच्या डॉक्टर आनंदीबाई. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. ते बाळ दहाच दिवस जगलं. पुढे गोपाळरावांच्या नोकरीमुळे १८८१ मध्ये त्या कलकत्त्याला गेल्या. वय सोळा, म्हणजे आजच्या हिशेबानं दहावी-अकरावीतली मुलगी. तिथं त्यांचं डोकं सतत दुखायचं. अशक्तपणा होता, मधूनमधून ताप यायचा, धाप लागायची. अमेरिकेतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी मायेनं तिकडून औषधं पाठवली. गुण आला नाही. आपल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंनी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं, आणि त्याच वर्षी त्या शिकायला अमेरिकेला निघाल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. वय अवघं एकवीस.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. माणूस न तपासता लांबून दिलेलं औषध, कितीही मायेचं असलं, तरी लागू पडेलच असं नाही. आणि डोकेदुखीबरोबर ताप, अशक्तपणा, धाप असं दुसरं काही असेल, तर तिला नुसती डोकेदुखी समजायचं नाही.

पुढे बाजारात औषधं आली. १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वरराव पंतुलु यांनी अमृतांजन काढलं. सुंठेचा लेप उगाळणाऱ्या घरांत बाम आला. कपाळाला चोळलं की बरं वाटतं, पण अर्धशिशी त्यानं मुळातून जात नाही. तान्ह्या बाळाला तर कापराचा बाम लावूच नये. १८९९ पासून ॲस्पिरिन विकायला आलं. मोठ्यांची गोळी मोडून लेकरांना द्यायची सवय जगभर लागली. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर रे यांनी लेकरांचा मेंदू आणि यकृत बिघडवणारा एक घातक आजार नोंदवला. तापात, कांजण्यांत ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत तो जास्त दिसतो, हे ऐंशीच्या दशकात लक्षात आलं. म्हणून दुकानातून आणलेली मोठ्यांची डोकेदुखीची गोळी लेकराला देऊ नका. तिच्यात ॲस्पिरिन असू शकतं.

आणि मोठ्यांचा संशय? "शाळा बुडवायला निमित्त करतोय." १९६२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला गावचे डॉक्टर बो बिले यांनी सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी छापली. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शंभरातल्या साधारण पाच जणांना मायग्रेन होतं. सातव्या वर्षीही काहींना होतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं तरी. सगळी काही निमित्तं करत नव्हती.

लेकरांची अर्धशिशी मोठ्यांसारखी दिसत नाही, म्हणूनही ती खोटी वाटते. पुष्कळदा दोन्ही बाजूंनी किंवा कपाळ दुखतं. दोन-तीन तासांत थांबतं आणि पोर खेळायला पळतं. पोटात दुखतं, उलटी होते, उजेड आणि गोंगाट नको होतो, झोपलं की उतरतं. आईला, मावशीला, आजीला असेल तर लेकराला असण्याचा संभव जास्त.

मग करायचं काय? सकाळची लोकल गाठायला पोर उपाशी निघतं, ते आधी थांबवा. भाकरी-दूध, पोळी-गूळ, काहीतरी पोटात जाऊ द्या. पाण्याची बाटली द्या आणि शाळेच्या संडासाचा विषय पालकसभेत काढा. झोपेची वेळ सुट्टीतही फार बदलू नका. डोकं दुखायला लागलं की अंधाऱ्या, शांत जागी झोपवा, कपाळावर ओली घडी ठेवा. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मापानंच, पण दुखणं चढायच्या आत द्या. आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण वारंवार गोळी घेऊनही डोकं दुखू लागतं.

एक वही करा. तारीख, वेळ, काय खाल्लं, झोप किती, किती वेळ दुखलं, मुलगी मोठी असेल तर पाळीची तारीख. महिन्याभरात कारण दिसू लागतं, आणि ही वही पाहून डॉक्टरांचं काम अर्धं होतं. डोळेही तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, त्यांनाही ती वही दाखवा.

मात्र काही वेळा वाट पाहायची नाही. डोकं एकाएकी भयंकर दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, डोक्याला मार लागला, दुखण्यानं झोपेतून जाग आली, रोज सकाळी उलटी होऊ लागली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा आकडी आली, तर अंगारा, डाग, लेप यांत वेळ घालवू नका. तडक सरकारी दवाखान्यात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात न्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ही वही कोणी कोणी सुरू केली ते एकमेकींना विचारा. आणि लेकरू "डोकं दुखतंय" म्हणालं, तर "कधीपासून? कुठे?" एवढं आधी विचारा.