मूळ, नक्कल आणि लुप्त पाठ

मूळ प्रत हातीं आली म्हणजे तिच्या नकलांचें प्रयोजन संपलें, अशी आपणां संग्राहकांपैकीं पुष्कळांची समजूत असते. ती कितपत ग्राह्य आहे, हें इटलींतील एका प्रसिद्ध धर्मचित्राच्या इतिहासावरून पाहूं.

मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहांत लिओनार्दो दा विंची यानें इ. स. १४९५ ते १४९८ च्या सुमारास ‘अंतिम भोजन’ हें भित्तिचित्र काढलें. शिष्यांपैकींच एकजण आपला घात करणार, असें येशूनें सांगतांच बारा शिष्यांत उडालेली खळबळ हा त्याचा विषय होय. ओल्या गिलाव्याऐवजीं कोरड्या गिलाव्यावर रंगविल्यामुळें चित्रकाराच्या हयातींतच रंग सुटूं लागले. पुढें १६५२ सालीं त्या भिंतींत दार पाडण्यांत आलें आणि येशूचीं पावलें कायमचीं नाहींशीं झालीं.

सुदैवानें, सुमारें १५२० मध्यें कापडावर केलेली एक मोठी नक्कल शिल्लक आहे. ती लिओनार्दोचा अनुयायी जांपिएत्रीनो याची समजतात व लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या मालकीची आहे. तींत येशूचीं पावलें दिसतात. यहूदाच्या हाताशीं कलंडलेलें मिठाचें पात्रही दिसतें. भिंतीवर तें आतां ओळखूं येत नाहीं. १९७८ ते १९९९ या काळांत मूळ चित्राचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां या नकलेचें साहाय्य घेण्यांत आलें.

परंतु नक्कलही अखंड नाहीं. तिचा वरचा सुमारें तिसरा हिस्सा कापला गेला आहे; तेथील छताची रचना मूळ भिंतीवरच पाहावी लागते. म्हणजे दोन्ही साक्षी खंडित असून परस्परांस पूरक आहेत.

यावरून नक्कल सर्वत्र प्रमाण मानावी, असें मात्र नव्हे. पाहिलें तसेंच लिहिलें, असें पोथीच्या अखेरीस सांगणारा लेखकही मध्येंच पाठ सुधारतो, हें आपण जाणतोंच. जेथें मूळ शाबूत आहे तेथें नक्कल ताडून पाहावी. तेथें ती प्रामाणिक ठरली, तरच लुप्त स्थळीं तिच्यावर भरंवसा ठेवावा.

प्रस्तुत लेखकानें पूर्वीं एका पोथीची उत्तरकालीन नक्कल निरुपयोगी समजून मालकास परत केली. पुढें मूळ पोथीचीं अखेरचीं पानें कसरीनें खाल्लेलीं आढळलीं. नकलेचा शोध केला, तों ती रद्दींत गेली होती. म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, नकलेची नोंद केवळ ‘अर्वाचीन’ एवढ्यावर संपवूं नये. मूळांत काय गेलें आणि नकलेंत काय राहिलें, तेंही यादींत लिहावें.