भरलेली तिजोरी आणि सोळा वर्षांचा वारस

मुलाचा हात सैल आहे हे दिसत असताना मिळकत त्याच्या नावावर करावी का? हा प्रश्न घरोघरी पडतो. आज तो घेऊन आपण म्हैसूरला जाऊ.

१७९९ मध्ये टिपू पडला. इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसवलं आणि कारभार दिवाण पूर्णय्यांकडे दिला. पूर्णय्यांनी काटकसरीनं खजिना भरला. १८११ मध्ये राजे वयात आले, तेव्हा त्यात दोन कोटींहून अधिक रुपये असल्याची नोंद इंग्रजी कागदपत्रांत आहे. किल्ल्या एकदम हाती आल्या. पुढच्याच वर्षी पूर्णय्या वारले.

राजे दिलदार. पंडित, कलावंत, देवस्थानं, कुणालाच नाही म्हणाले नाहीत. पण हिशेब विचारणारं कुणी उरलं नव्हतं. खजिना आटला, कर्ज चढलं. कंपनीला वर्षाला सुमारे साडेचोवीस लाख रुपये मात्र द्यावेच लागत. १८२५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो समज देऊन गेले. १८३० मध्ये नगर भागात रयत उठली आणि १८३१ मध्ये बेंटिंकनं कारभार काढून घेतला.

तरीही राजे उघड्यावर पडले नाहीत. १७९९ च्या तहातच लिहिलं होतं: कारभार गेला तरी राजाला वर्षाला किमान एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळेल. म्हणजे किल्ली दुसऱ्याकडे, पण ताट वाढलेलं.

मग चुकलं कुठे? किल्ली परत कधी द्यायची, हे लिहिलं नव्हतं. बेंटिंकनं स्वतःच पुढे काही मुलूख परत देण्याचं सुचवलं; संचालकांनी ते मानलं नाही. राखणदारालाच त्या महसुलात रस होता! १८६८ मध्ये राजे वारले, ते राज्याविनाच. दत्तकपुत्र चामराजेंद्रांना ते मिळालं १८८१ मध्ये, तेही वयात आल्यावर आणि लेखी अटींवर.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, भारतीय न्यास कायदा आला. आजही त्याच्या आधारे मिळकत विश्वस्तांकडे ठेवून मुलाला ठरावीक उत्पन्न देता येतं. फक्त म्हैसूर विसरू नका. सगळं एकाच वाढदिवशी देऊ नका. ज्याचा त्या मिळकतीवर डोळा आहे त्याला विश्वस्त नेमू नका. आणि किल्ली केव्हा, कशावरून परत द्यायची, ते कागदावर लिहा. मुलगा सुधारला, तर त्याला दार उघडं सापडलं पाहिजे.